‘हळू’चं ‘अळू’ करणारं गेट

नॉइज गेट माईकच्या आवाजातला गोंगाट काढून टाकतं, असा बहुतेकांचा समज असतो. घरी बसून पॉडकास्ट करणारे, ऑडिओबुक वाचणारे, यूट्यूबवर पुरणपोळी शिकवणारे सगळे त्याच भरवशावर ते चालू करतात. प्रत्यक्षात गेट काहीच काढत नाही. तुम्ही बोलत असता तेव्हा पंख्याची घरघर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, खालच्या रस्त्यावरची रिक्षा हे सगळं तुमच्या शब्दांबरोबर जसंच्या तसं रेकॉर्ड होत असतं. तेव्हा गेट उघडं असतं आणि उघड्या दारातून सगळेच आत येतात. तुम्ही थांबलात की ते बंद होतं, एवढंच. तरीही ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज लख्ख झाला. या जादूतलं निम्मं काम यंत्र करतच नाही. ते ऐकणाऱ्याचा कान करतो.

मोठा आवाज चालू असला की त्याच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. शास्त्रज्ञ याला मास्किंग म्हणतात. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकायचं थांबत नाही, आपल्यापुरतं मात्र ते थांबतं. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे. नवल पुढे आहे. मोठा आवाज थांबल्यावरही शंभर-दोनशे मिलिसेकंद कान थोडा बधिर राहतो आणि तेवढ्यात आलेला बारीक आवाज निसटतो. उलट दिशेनंही हे होतं. मोठा आवाज सुरू होण्यापूर्वीच्या थोड्या मिलिसेकंदांत जो क्षीण आवाज झाला, तोही पुसला जातो. जे आधी घडलं ते नंतर घडलेल्यानं झाकलं जातं! क्षीण आवाजाची नोंद करायला मेंदूला वेळ लागतो आणि मागून आलेला दणका त्याला वाटेत गाठतो, असा याचा एक खुलासा दिला जातो.

कानात स्वतःचं एक गेटही आहे. मधल्या कानातल्या स्टेपीस नावाच्या इवल्याशा हाडाला एक स्नायू जोडलेला असतो. हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये शरीरातला सगळ्यांत छोटा हाच, लांबी एका सेंटिमीटरहूनही कमी. मोठा आवाज झाला की तो आवळतो आणि आत जाणारा आवाज, विशेषतः खर्जातला, कमी करतो. आपण स्वतः बोलू लागण्याच्या किंचित आधीही तो आवळलेला असतो, म्हणजे आपल्याच आवाजानं आपण बधिर होऊ नये याची सोय. पण बाहेरून आलेल्या आवाजाला दाद द्यायला त्याला कित्येक मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दिवाळीतल्या सुतळी बॉम्बपुढे त्याचा काही इलाज चालत नाही. धमाका होऊन जातो आणि मग दार लागतं. गेट लावायला शिकणाऱ्यानं हा स्नायू ध्यानात ठेवावा, कारण किती मोठ्या आवाजाला हलायचं आणि किती वेगानं हे दोनच प्रश्न यंत्रापुढेही असतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते, बाकी सगळं उणे. माईक चालू करा, अर्धा मिनिट गप्प बसा आणि मीटर बघा. समजा, खोलीचा गोंगाट उणे ५६च्या आसपास खेळतो आहे. मग नेहमीसारखं वाचा. जोरकस शब्द उणे १२ला पोचतात, पण वाक्यांची शेपटं उणे ३८पर्यंत खाली येतात. तुमची खरी जागा या दोन खालच्या आकड्यांमध्ये आहे, उणे ५६ आणि उणे ३८. गेट ज्या पातळीला उघडतं तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ती इथे उणे ४४च्या आसपास ठेवता येईल. बरेच जण जोरकस शब्द बघून थ्रेशोल्ड लावतात आणि मग शब्द का तुटतात म्हणून माईकला दोष देतात. मीटर बघायचा तो दबक्या आवाजाचा.

हे अंतरच नसेल, गोंगाट आणि दबका आवाज यांच्यात पाच-सहा डेसिबलच असतील, तर कितीही महागडं गेट आणा, हाती काही लागणार नाही. अंतर वाढवायचा उपाय फुकट आहे: माईकच्या जवळ या. तोंड ३० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणलं की आवाज जवळपास ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. शिवाय पंखा बंद करा. मे महिन्यात हा सल्ला देणं क्रूरपणाचं आहे हे मान्य, पण बंद केलेला पंखा हे जगातलं सर्वोत्तम नॉइज गेट आहे.

थ्रेशोल्ड चुकला की काय होतं ते मराठीत फार गमतीशीर ऐकू येतं. गेटला अर्थ कळत नाही. रात्रपाळीच्या पेंगुळलेल्या वॉचमनसारखं ते फक्त दार किती जोरानं वाजलं एवढंच बघतं. वाजवणारा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आणि आपली काही व्यंजनं दार फार हळू वाजवतात. ‘ह’ म्हणजे बव्हंशी श्वासच, त्याला स्वराचा जोर नाही. ‘फ’ आणि ‘स’ म्हणजे ओठांतून किंवा दातांमागून निसटलेली हवा. त्यांच्या मागून येणारा स्वर कितीतरी मोठा असतो. थ्रेशोल्ड वर राहिला तर गेट या हवेला उघडत नाही, स्वर आला की उघडतं. मग ‘हळू’ म्हणावं तर ‘अळू’ ऐकू येतं. ‘हसू’चं ‘असू’ होतं. ‘हात’ आणि ‘सात’ दोघंही ‘आत’ जातात. ‘फणस’चा ‘अणस’ होतो, ज्याला अर्थच नाही, म्हणून निदान तो पकडला तरी जातो. अळूचं तसं नाही. ‘अळू आण’ हे वाक्य पूर्ण शहाणं आहे आणि एडिटिंग करणाऱ्याच्या कानाखालून ते सहज निघून जातं.

यातला काही दोष थ्रेशोल्डचा, काही अटॅकचा. अटॅक म्हणजे ठरलेली पातळी ओलांडल्यावर गेट पूर्ण उघडायला लागणारा वेळ. तो शून्यच का ठेवू नये? कारण आवाज ही लाट आहे आणि लाटेच्या ऐन मध्यावर दार खाडकन उघडलं की टिक् असा नवाच आवाज जन्माला येतो. म्हणून दार थोडं सावकाश, एक ते पाच मिलिसेकंदांत उघडायचं. ओबीएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अटॅक मुळात २५ मिलिसेकंदांवर ठेवलेला असतो. गप्पांना तो चालतो, पण ‘प’, ‘त’, ‘क’ यांचा स्फोट साधारण त्याहून कमी वेळात आटोपतो, त्यामुळे शब्दांची टोकं बोथट होतात.

डिजिटल गेटांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. तिचं नाव लुकअहेड. यंत्र येणारा आवाज पाच-दहा मिलिसेकंद रोखून धरतं आणि दाराचा निर्णय मात्र न रोखलेल्या आवाजावर घेतं. म्हणजे शब्दाचं टोक दाराशी पोचतं तेव्हा त्याच्यामागून मोठा आवाज येतो आहे हे यंत्राला आधीच माहीत असतं आणि दार उघडलेलं असतं. भविष्य कळण्यासाठी वर्तमान जरा उशिरा सुरू करायचं! थेट कार्यक्रमात हा उशीर गायकाच्या स्वतःच्या हेडफोनमध्ये जाणवू शकतो, रेकॉर्डिंगमध्ये त्याचं काहीच बिघडत नाही.

दार उघडण्यापेक्षा बंद करणं अवघड. आवाज उणे ४४च्या आसपास रेंगाळत असेल, कधी उणे ४३, कधी उणे ४५, तर गेट सेकंदात अनेकदा उघडझाप करतं आणि वाक्य फडफडत बाहेर येतं. म्हणून चांगल्या गेटमध्ये दोन वेगळ्या पातळ्या असतात: उघडायची उणे ४४, बंद व्हायची उणे ५०. मधल्या पट्ट्यात दार आहे त्या स्थितीत राहतं. ओबीएसमध्येही मुळातल्या दोन पातळ्या उणे २६ आणि उणे ३२ अशाच सहा डेसिबलच्या अंतरानं असतात. अंतर योग्य आहे, पण हळू बोलणाऱ्याला ते आकडे फार वर पडतात, ते जसेच्या तसे ठेवू नयेत.

त्यानंतर होल्ड. आवाज बंद व्हायच्या पातळीखाली गेला तरी दार किती वेळ उघडं धरून ठेवायचं ते हा खटका ठरवतो. याची गरज मराठीत कुठे भासते ते बघायचं तर ‘पत्ता’ हा शब्द माईकवर म्हणा आणि संगणकावर त्याची लाट मोठी करून बघा. ‘प’नंतरच्या ‘अ’चा फुगवटा दिसतो, मग सपाट रेघ, मग ‘ता’. ती सपाट रेघ म्हणजे ‘त्त’साठी जीभ दातांमागे दाबून धरलेली असतानाची शांतता. शब्दाच्या ऐन पोटात खरोखरीची शांतता! ‘चप्पल’, ‘कट्टा’, ‘मुक्काम’, सगळीकडे ती आहे. होल्ड नसलेल्या गेटला वाटतं की बोलणारा थांबला, आणि ते कट्ट्याचे दोन तुकडे करतं. दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा होल्ड ही शांतता ओलांडून नेतो. खर्जातल्या पुरुषी आवाजाला तर होल्ड आणखी वेगळ्या कारणानं लागतो. अशा आवाजाची एक लाट दहाएक मिलिसेकंदांची असते, आणि फार चपळ गेट एकाच लाटेच्या चढउतारात उघडमीट करू लागतं. ऐकणाऱ्याला ते घशात खरखर असल्यासारखं वाटतं.

होल्ड संपला की रिलीज: दार किती हळू लोटायचं. इथे मराठी वाचकानं इंग्रजी ट्यूटोरियलमधले आकडे डोळे मिटून उचलू नयेत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही शेवटी. नेमका तिथेच बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज खाली उतरलेला असतो. ‘मी उद्या येणार नाही’ हे वाक्य थकलेल्या माणसासारखं वाचून बघा. ‘मी’ उणे १५ला असेल तर ‘ही’ उणे ४०ला. तो ‘ही’ बंद व्हायच्या पातळीखाली घसरला आणि रिलीज तुटक असला, तर श्रोत्यापर्यंत पोचतं ‘मी उद्या येणार ना’. नकाराचा लाडीक होकार झाला. इंग्रजीत नकार वाक्याच्या पोटात, आवाज अजून जोरात असताना होऊन जातो, तिथे हा धोका कमी. म्हणून मराठी वाचनासाठी रिलीज दोनशे-तीनशे मिलिसेकंदांपर्यंत खुशाल न्यावा. एवढ्या वेळात मागचा गोंगाट ऐकू येईल या भीतीचं कारण नाही, त्यातला काही भाग वर सांगितलेल्या कानाच्या बधिरतेत जिरतो. अटॅक त्या मागे जाणाऱ्या मास्किंगच्या थोड्या मिलिसेकंदांत बसतो, रिलीजचा काही भाग पुढच्या दोनशेत. नीट लावलेल्या गेटचे आकडे कानाच्या उणिवांच्या मापाला असे बऱ्यापैकी बसतात, हे पहिल्यांदा ताडून बघितलं की अंगावर काटा येतो.

एवढं केलं तरी काहींचं रेकॉर्डिंग विचित्र वाटतं. वाक्य संपतं आणि जग नाहीसं होतं. पुढचं वाक्य येतं आणि खोली परत उगवते. पंख्याची घरघर सलग असती तर दोन मिनिटांत कान तिला विसरला असता. ये-जा करणाऱ्या घरघरीला तो विसरत नाही. मोबाइल फोन बनवणाऱ्यांना हा धडा फार पूर्वीच मिळाला. समोरचा माणूस बोलायचा थांबला की त्याचा फोन बॅटरी वाचवण्यासाठी पूर्ण आवाज पाठवणं बंद करतो, अधूनमधून फक्त तिकडच्या गोंगाटाचं वर्णन पाठवतो. त्या वर्णनावरून तुमचा फोन स्वतःच हलकासा खोटा गोंगाट तयार करून तुम्हाला ऐकवतो. त्याला नावही छान आहे, कम्फर्ट नॉइज. तो नसता तर प्रत्येक पॉजला आपण ‘हॅलो, हॅलो, आहेस का?’ म्हणत बसलो असतो. वडिलांच्या बोलण्यातल्या ज्या शांततेत त्यांच्या घरातली कुजबुज ऐकू येते असं आपल्याला वाटतं, तिचा काही भाग आपल्याच हातातल्या फोनानं रचलेला असतो.

गेटमधल्या रेंज नावाच्या खटक्याचं काम हेच. दार पूर्ण लावायचं की नुसतं लोटायचं ते तो ठरवतो. पूर्ण बंद करू नका. बारा-पंधरा डेसिबलनं खाली आणलेला गोंगाट ऐकू येत नाही म्हणावा इतका मंद होतो, पण खोली शिल्लक राहते. वाचणाऱ्याचा श्वासही शिल्लक राहतो. श्वास कापलेलं वाचन तासभर ऐकवत नाही, ऐकणाऱ्यालाच धाप लागते. ज्या गेटमध्ये रेंजचा खटका नाही, आणि साध्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा नसतोच, त्यापेक्षा एक्स्पांडर निवडावा. तो बंद न करता हळूहळू खाली आणतो.

क्रमाचं एका वाक्यात सांगतो: गेट आधी, कॉम्प्रेसर नंतर. कॉम्प्रेसर दबका आवाज आणि मोठा आवाज जवळ आणतो, म्हणजे मघाशी मेहनतीनं मिळवलेलं अंतर तोच खाऊन टाकतो.

मंचावर गोष्टी जास्त अवघड होतात. कीर्तनकाराच्या माईकचं उदाहरण घ्या. बुवांचा आवाज फुटाभरावरून येतो आणि मागच्या टाळकऱ्यांचे टाळ चार फुटांवरून, पण टाळ ते टाळ. बुवा गप्प असले तरी टाळांच्या प्रत्येक ठोक्याला गेट उघडतं. यासाठी साइडचेन फिल्टर असतो: दाराचा निर्णय घेणाऱ्या कानाला वेगळा चष्मा लावायचा. गेटनं निर्णयापुरता वरच्या पट्टीकडे काणाडोळा करावा आणि मानवी आवाजाचा गाभा असलेल्या साधारण दोनशे ते दोन-तीन हजार हर्ट्झमध्येच बघावं, अशी सोय. बाहेर जाणाऱ्या आवाजाला या फिल्टरचा स्पर्शही होत नाही. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच फिल्टर उलटा वापरतात: शंभर-दीडशे हर्ट्झखालचं काही मोजायचं नाही, म्हणजे टेबलाला लागलेला गुडघा किंवा खालून गेलेला ट्रक दार उघडू शकत नाही.

आणि ख्यालाच्या मैफलीत गायकाच्या माईकवर गेट लावणाऱ्या साऊंडवाल्याला हात जोडावेत. दोन तानपुरे त्याच माईकमध्ये अखंड झिरपत असतात. गेट प्रत्येक सुरावटीनंतर तो झंकार खाली ढकलणार आणि पुढच्या सुराबरोबर वर आणणार, म्हणजे जो आधारस्वर हलता कामा नये तोच हेलकावे खाणार. शिवाय मींड संपत जाते तिथेच गाणं असतं. इथे गेटची एकच योग्य जागा आहे, बायपास.

रेकॉर्डिंगच्या दुनियेनं मात्र गेटचा उपयोग लपवण्यापलीकडे नेला. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत रॉक गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता आणि ह्यू पॅजम हा इंजिनिअर होता. वादकांचं बोलणं मिक्सरपाशी ऐकू यावं म्हणून त्यांच्या खोलीत जो माईक असतो, कॉम्प्रेसरनं जबर दाबलेला, त्यातून आलेला खोलीचा घुमारा त्यांना आवडला. तो घुमारा गेटनं मध्येच तोडला आणि पुढचं अख्खं दशक त्या तुटलेल्या ड्रमच्या आवाजानं भरून गेलं.

पण गाणाऱ्याच्या माईकपुरतं बोलायचं तर सगळ्यांत सुंदर गेट त्याच्या दोन वर्षं आधी लागलं होतं, बर्लिनमध्ये. १९७७च्या उन्हाळ्यात गायक डेव्हिड बोवी हंसा स्टुडिओत ‘हीरोज’ हे गाणं रेकॉर्ड करत होता. बर्लिनची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मूळचा चेंबर म्युझिकसाठी बांधलेला मोठा दिवाणखाना, मायस्टरझाल. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानं एका गायकासाठी तीन माईक लावले: पहिला तोंडापासून सुमारे नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर, तिसरा पन्नास फुटांवर. लांबच्या दोन माईकांवर गेट. बोवी हळू गायला तर फक्त जवळचा माईक चालू, आवाज कानात सांगितल्यासारखा कोरडा. त्यानं जोर वाढवला की दुसरं गेट उघडायचं आणि थोडी खोली आत यायची. आणखी जोर लावला की तिसरं.

पन्नास फूट कापायला आवाजाला जवळपास ४५ मिलिसेकंद लागतात आणि तोवर त्यात भिंती आणि छत मिसळलेलं असतं. म्हणजे इथे गेट खोलीला बाहेर ठेवायला लावलेलं नव्हतं, खोलीला बरोबर वेळेवर आत बोलवायला लावलेलं होतं. खोली किती ऐकू यावी हे इंजिनिअरच्या बोटांनी ठरायचं थांबलं, ते गळ्यानं ठरू लागलं. एक परिणाम ओघानंच आला: तिसरं दार उघडायचं तर गायकाला ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हेडफोन लावून ते गाणं सुरुवातीपासून ऐका. पहिल्या कडव्यात बोवी कानाशी आहे. पुढे एका ठिकाणी तो ओरडू लागतो आणि अख्खा दिवाणखाना एका झटक्यात उघडतो. कुठल्या शब्दावर, ते तुमच्या कानाला पकडू द्या.